सरूबाईनं टापू सावरला

चहाचा कप आंदी खाली ठेवा अन् मंग हसा. मागच्या बारीले हाच किस्सा सांगतानी धुरपताबाईनं सारा चहा माह्या लुगड्यावर सांडवला. माही फजिती ती माहीच, पन लुगडं काऊन खराब करता?

तं झालं असं. माह्या बहिनीची पोर जयू अंदमानले राह्यते. तिचा नवरा सुधीर तिथीच नोकरीले. जयू म्हने, "मावशी, या एकदा." आमची शेजारीन सरूबाई लगेच मांग लागली. "फुला, मले बी ने वं. कुरखेड्याच्या पुढं काई पाह्यलं नाई मी."

आता एवढी भोळी बाई आयती हाती लागल्यावर मी गप बसनार का? तिले म्हनलं, "सरू, टापू म्हनजे काय माहीत हाये का? पान्यावर तरंगते तो, नावेसारखा. सारे मानसं एकाच बाजूले बसले का कलंडते!"

"अगं बाई! मंग?"

"मंग काय! लोकं जिकडं जातीन त्याच्या उलटं बसाचं. तू तं चांगली धष्टपुष्ट हायेस. तुह्यावर लय जिम्मेदारी हाये."

मले वाटलं, इमानात बसेपर्यंत ती इसरून जाईल. कुठलं!

सुधीरनं आमाले नावेनं एका लहानशा टापूवर नेलं. एवढुसा टापू, ह्या टोकाले शिंकलं तं त्या टोकाचा मानूस 'शतंजीव' म्हनंल! सारे पर्यटक उतरून उजवीकडं गेले, तं सरूबाई एकटीच डावीकडं जाऊन बसली. पोट्टे पळाले का ही उठे, जागा बदलवे, परत बसे. घाम फुटला बाईले. मी पदर तोंडात कोंबून हसून राह्यली होती.

तेवढ्यात सुधीर आमाले समजवाले लागला. "मावशी, डोक्यावर कापड घ्या. पान्याची बाटली सोडू नका. नारळाच्या झाडाखाली बसू नका, नारळ पडते. शंख उचलू नका. अन् तिकडं खडकावर बिलकुल जाऊ नका. आता पानी मांग गेलं, पन दुपारी परत येते."

मी मनात म्हनलं, वा रे बेट्या! याच्या लग्नात मी याच्या चहात मीठ टाकलं होतं, त्याचा बदला घेऊन राह्यला. झाडाखाली बसू नका म्हने! आमचा सारा जनम मोहाच्या झाडाखाली गेला! अन् पानी परत येते? आमच्या गावचा तलाव पाह्यला नाई का मी? धानाले पानी सोडलं का तलाव उतरते, मंग सारा गाव चिखलात मासोळ्या धरते. गेलेलं पानी पुढच्या पावसाबिगर परत येते का कुठी? सांगा बरं! दुसऱ्याले बनवनाऱ्या बाईले हा बनवते!

सुधीर अन् जयू जेवनाचं पाहाले नावेकडं गेले, टापूच्या पल्याडच्या बाजूले. मी लगेच लुगडं खोचलं अन् निंगाली खडकावर. अन् काय सांगू, खड्ड्याखड्ड्यात मासोळ्या! रंगीत! झिंगे! म्या पदराची झोळी केली. एक धरली, दुसरी धरली, पुढं गेली, आनखी पुढं गेली.

वर पाह्यलं, तं माह्या अन् टापूच्या मधात पानी!

म्हनलं, कोनं सोडलं हे? तेवढ्यात पानी गुडघ्याले लागलं. मी उंच खडकावर चढली. पोहनं येते मले, पन ते तलावातलं. तिथलं पानी उभं राह्यते. हे तं म्हशीसारखं ढुशा मारे! लाट आली, झोळी सुटली, मासोळ्या गेल्या आपल्या घरी.

काठावर सरूबाई दिसली. मी बोंबलली, "सरूऽऽ! पानी चढून राह्यलं! धाव वं! वाचव!"

तिनं पाह्यलं. पान्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, कपाळावर हात मारला अन् वरडली, "तुह्या बाजूले कलंडला वं टापू! घाबरू नको, मी हाये!"

अन् पाठ फिरवून पळाली. उलट्या बाजूले!

पुढचं सुधीरनं सांगितलं. ही हापत हापत नावेपाशी गेली अन् धपकन रेतीत बसली. सुधीर इचारते, "फुलामावशी कुठी हाये?"

"खडकावर. तिकडून टापू बुडून राह्यला. तू बस खाली आंदी!"

"अवो काकू, पन..."

"बस म्हनलं ना! उठला तं फुला मेली समज!"

बिचाऱ्याले काई समजलं नाई, तो बसला. जयू बसली. जेवाले आलेले दोनचार पर्यटक घाबरून बसले. अन् मी इकडं छातीएवढ्या पान्यात, गावच्या साऱ्या देवाईले कोंबडे कबूल करून राह्यली होती! माह्या जीवासाठी एवढे लोकं काम करून राह्यले होते, पन सारे बसून!

शेवटी नाववाल्या भाऊले 'खडक' शब्द समजला. त्यानं नाव फिरवून आनली अन् मले पोत्यासारखं वर वढलं. म्हने, "अम्मा, पानी वापस आता है, किसी ने बताया नहीं?"

सुधीरनं पान्याची बाटली माह्या हाती ठेवली. नुसतं पाह्यलं माह्याकडं. त्यापेक्षा त्यानं माह्या चहात मीठ टाकलं असतं तं बरं होतं.

सरूबाईनं मले पोटाशी धरलं. डोळ्यात पानी. "फुला, मी बसली म्हनून वाचली वं तू!"

मी म्हनलं, "सरू, टापू तरंगत नाई. म्या मस्करी केली होती."

"आता बनवू नको मले. पानी परत येते, हे खरं होतं, ते तुले खोटं वाटलं. अन् टापू तरंगते हे डोळ्यानं पाह्यलं, तं ते खोटं म्हनते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर गेलो, तं पानी पुन्हा उतरलेलं. ती म्हने, "पाह्य! आला टापू वर!"

आता गावात कोनी समुद्राकडं निंगालं का मले कोनी इचारत नाई. सारे सरूबाईच्या ओसरीवर जाते. ती पाय पसरून सांगते, डोक्यावर कापड घ्या, बाटली सोडू नका, नारळाखाली बसू नका. अन् जाता जाता आवाज खाली करून म्हनते, "फुलाबाईले नेऊ नका. न्यायचंच असंल, तं बरोबर मधात बसवा!"