बिरड्यातल्या साली

आमचा डीप फ्रीजर मूळचा आइस्क्रीमवाल्याचा. एसटी स्टँडजवळचं त्याचं दुकान बंद झालं तेव्हा ह्यांनी तो हातगाडीवर घालून घरी आणला. घर दोन खोल्यांचं, माणसं तीन, आणि फ्रीजर दारातून आत येईना! मी म्हटलं, "ह्यात काय मला झोपवणार आहात?" ह्यांनी दाराची चौकटच काढली आणि तो आत घेतला. तळोज्याच्या कारखान्यात जन्मभर मशिनं दुरुस्त केलेला माणूस. दोन रविवार खुडबुड करून त्यांनी कॉम्प्रेसर चालू केला, फुटक्या काचेच्या जागी प्लायवुडचं झाकण बसवलं आणि म्हणाले, "आता स्वस्त असेल तेव्हा घ्यायचं आणि वर्षभर खायचं."

आणि तसंच चाललं. मटार, खवलेला नारळ, आंब्याचा रस, सगळं दुधाच्या पिशव्यांमध्ये भरून फ्रीजरात. त्या पिशव्या मी धुऊन दोरीवर वाळत घालायची, आणि तोंडं बांधायला जुन्या साड्यांच्या चिंध्या. मागे हातभर जागा होती, तिथे ह्यांची बाग. सलाइनच्या रिकाम्या बाटल्या उलट्या टांगून त्यांनी झाडांना थेंब थेंब पाणी लावलं होतं. पाहुणे विचारायचे, झाडं आजारी आहेत का हो? आम्हाला कंजूष म्हणायचे लोक, म्हणोत बापडे. मुलीचं सगळं शिक्षण आम्ही ह्याच चिंध्या-पिशव्यांवर केलं आणि ती इस्रायलला गेली.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. पनवेलमध्ये आमची घरं आता मोजकीच उरलीत, बाकीचे तिकडेच गेले. आमच्याकडे ऐन पावसाळ्यात एक मोठा उपास येतो, यरुशलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुःखाचा. त्याला आम्ही बिरड्याचा रोजा म्हणतो, कारण संध्याकाळी तो सोडायचा केळीच्या पानावर वाढलेल्या वालाच्या बिरड्याने. पिढ्यान् पिढ्या कोकणात राहिलो, तेव्हा कोकणातलं बिरडं आमच्या दुःखातसुद्धा शिरलं.

बिरडं खायला छान, पण त्याआधी वाल सोलायचे म्हणजे जीव जातो. भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात टाका आणि मग एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून सुळकन बाहेर काढा. परसातल्या वेलाचे वाल वाळले की आम्ही ते एकदमच सोलून फ्रीजरात टाकायचो, म्हणजे पावसाळ्यात भुंगे लागायची धास्ती नको. दरवर्षी त्या परातीपाशी आमचं भांडण ठरलेलं. मशिनचा स्क्रू न् स्क्रू ओळखणारे हे, पण वाल सोलायला बसले की लक्ष रेडिओकडे, नाहीतर दारावरून जाणाऱ्या माणसाकडे. थोडे सोललेले की मध्येच एखादा सालीसकट परातीत.

"अहो, ही साल कोणी खायची?" मी ओरडायची.

"सालीत ताकद असते गं."

"मग तुम्हीच खा!"

आणि ते खरंच खायचे. मी साली पानाच्या कडेला काढून ठेवायची, हे माझ्या पानातल्यासुद्धा उचलून मुकाट चावून गिळायचे, वर हसायचे.

यंदा वाल सोलून झाले आणि मे महिन्यात हे गेले. सकाळी झाडांच्या बाटल्या भरून आले, खुर्चीत बसले, चहा मागितला. मी कप घेऊन बाहेर आले तोवर सगळं संपलं होतं. तो चहा नंतर मी मोरीत ओतला. आमच्या घरात चहा कधी ओतला गेला नव्हता.

मुलगी आली, सुतकाचे सात दिवस आमच्या रीतीप्रमाणे जमिनीवर माझ्याजवळ बसली आणि जाताना म्हणाली, "आई, चल आता तिकडे." मी म्हटलं, "फ्रीजर रिकामा होऊ दे, मग बघू." तिला वाटलं मी थट्टा करतेय. पण मी खरंच एकेक पिशवी काढून खात होते. एकटीला एक पिशवी किती पुरते! मटार संपले, नारळ संपला. वालाची शेवटची पिशवी मात्र मी तळाशी दाबून ठेवली, रोज्यासाठी. घरात ह्यांच्या हातचं पुष्कळ आहे. नळ आहे, पंखा आहे, ते प्लायवुडचं झाकण आहे. पण ते काही पानात वाढता येत नाही. मला ह्या रोज्याला ह्यांनी सोललेलं बिरडं खायचं होतं, सालीसकट. जन्मभर कडेला काढलेल्या साली ह्या वेळी मला चावून गिळायच्या होत्या. दुसरं काही मागत नव्हते मी देवाकडे.

आणि उपासाच्या आदल्या दिवशी सकाळीच लाईट गेली. पाऊस असा की समोरचं दिसेना. आमच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. वायरमन म्हणाला, "उद्याचं काही सांगता येत नाही, आजी." मी फ्रीजरवर गोधड्या टाकल्या, त्यावर ह्यांची शाल टाकली आणि दर घटकेला झाकण उघडायचं नाही असं ठरवून दर घटकेला उघडत बसले. दुपारी पिशवी बोटाला मऊ लागायला लागली.

रस्त्यापलीकडे एक शेजारीण आहे. उरणकडच्या गावची, जमीन विकून तिच्या मुलांनी इथे बंगला बांधला. तिची लाईन वेगळी, तिथे दिवे चालू. तीच छत्री घेऊन आली. "वयनी, काय आसंल ते आमच्या फ्रीजमदी ठेवा. लाजता कशाला?"

तिच्या फ्रीजरात कोळंबी आणि बोंबील खच्चून भरलेले असतात, आणि कोळंबी आमच्या धर्मात चालत नाही. मी पिशवी स्टीलच्या डब्यात घातली, डबा घट्ट लावला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, "रोज्याचे वाल आहेत गं. जपून ठेव." ह्यांच्या हातचे आहेत हेही सांगणार होते. पण आणखी एक शब्द बोलले असते तर रडायलाच आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मांडी घालून जमिनीवर बसले होते, पोटात पाण्याचा थेंब नाही. ती पातेलं घेऊन आली. चेहरा नुसता खुललेला.

"वयनी, पिशवीतला बरफ पार सुटला व्हता, म्हनून परत गोठवली नाय, खालच्या कप्प्यात ठेवली. आनि सकाळी बगते तं काय, किती साली तशाच! म्हटलं, वयनी दुखात हाय, तिचं कुठं ध्यान आसनार! आमी सासूसुना बसलो आनि येकन्येक साल काढली. बगा!"

मी बघितलं. पांढरे, लख्ख वाल. नजर लागावी असे.

"साली कुठं आहेत?" मी विचारलं.

"त्या? कोंबड्यांना टाकल्या."

खोटं कशाला बोलू, पातेलं तिच्या डोक्यात घालावं असं वाटलं मला. मग तिच्या बोटांकडे लक्ष गेलं. पाण्यात भिजून पार सुरकुतली होती. घरची सगळी कामं टाकून ती माझ्यासाठी बसली होती. मी म्हटलं, "बरं केलंस बाई. फार त्रास घेतलास."

बिरडं मी दरवर्षीसारखंच केलं, ताज्या नारळाच्या दुधातलं. परसातल्या केळीचं पान कापलं. एकटीने रोजा सोडू नये म्हणून ती माझ्यासमोर येऊन बसली. मी घास घेतला आणि हळूहळू चावायला लागले. इतके वाल होते, त्यात एखादी तरी राहिली असेल. तिच्या सुनेचं वय लहान, तिचंही लक्ष इकडेतिकडे गेलं असेल. मी प्रत्येक दाणा जिभेने चाचपून बघत होते. पान संपत आलं.

"कसं झालंय, वयनी?"

"छान झालंय."

"येक तरी साल लागली काय दाताखाली?" तिने मोठ्या अभिमानाने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं, "एकही नाही." आणि मग मला रडू आवरेना.