गुड्डी थांबली की

माझी नणंद गुड्डी धानाच्या बांधीत उभ्या उभ्या निघून जाते. पाय चिखलात, हातात पऱ्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी, डोळे उघडे, पण बाई जाग्यावर नाही. हाक मारा, ऐकूच जात नाही. लग्न होऊन अड्याळजवळच्या या गावात आले तेव्हा मला वाटलं, ही मुद्दामच उत्तर देत नाही. मीही आठवडाभर फुगून बसले. तिला ते कळलंसुद्धा नाही, त्यामुळे फुगणं वाया गेलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी 'स्वमग्नता' असं नाव सांगितलं तेव्हा गुड्डी चांगली विशीची होती. माझ्या सासूबाई, सुलोचनाबाई, सगळं ऐकून म्हणाल्या, "मग्न राह्यते हे तर आमाले आधीच मालूम होतं, डाक्टरसाहेब. मंग एवढ्या दूर कायले आलो आमी?"

मी एकदा तिलाच विचारलं, "गुड्डी, तू कुठी जाते वं?"

तिनं बराच विचार केला. "पाण्याकडे पाह्यतो. मंग पाणी मोठं होते. आवाज बंद होते. बरं वाटते."

"एवढंच?"

"एवढं कमी हाय का?"

लग्नात, मंडईच्या जत्रेत गुड्डीला नेणं म्हणजे शिक्षा. लाऊडस्पीकर लागला की ती कान दाबून घराकडे पळते. रोवणीला मात्र स्वतःहून निघते. तिथं सगळ्या बाया खाली वाकलेल्या. कुणी तोंडाकडे बघत नाही, कुणी काही विचारत नाही, आणि तरीही ती सगळ्यांच्या मधोमध असते. माणसांत राहायची तिला तेवढी एकच जागा सापडली आहे.

आमच्या रोवणीच्या गँगची मुखी गिरजाबाई. तिनं फार पूर्वीच एक रीत घालून दिली होती. रांग रोवत रोवत मागे सरकते. गुड्डी थांबली की तिच्या वाट्याचा पट्टा तसाच मोकळा सोडायचा. ती भानावर आली की सोडलं तिथून सुरू करते आणि रांगेला येऊन मिळते. तिच्या पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही.

यंदा गिरजाबाईनंच ती रीत मोडली. शेतमालक सेवकरामभाऊ धुऱ्यावर, बांधीच्या काठाला, उभे होते. रांगेसमोर मोकळा पट्टा पाहून ते ओरडतील म्हणून तिनं घाईघाईनं गुड्डीचा पट्टा भरून टाकला. मन चांगलंच होतं तिचं. पण गुड्डी भानावर आली आणि तिला आपली जागाच दिसेना. रडत रडत तिनं तिथले सगळे परे उपटले, शेजारचेही उपटले.

"उद्यापासून हिले आणू नोका," सेवकरामभाऊ म्हणाले. गिरजाबाई मान खाली घालून रोवत राहिली. मी दोघांनाही बोलायचं ते बोलून घेतलं. उपयोग शून्य.

सकाळी गुड्डी डोक्याला फडकं बांधून दारात तयार. सासूबाईंनी अडवलं. ती म्हणाली, "माह्या जागी होते ते परे." तिचं खरं होतं, पण ते कुणाला सांगायचं? मी एकटीच निघाले, आणि मला माझाच राग आला. संध्याकाळी सासूबाई सांगत होत्या, ती दिवसभर उंबऱ्यावर बसून होती. कुठं हरवली नाही की काही नाही, नुसती रस्त्याकडे बघत होती. 

इकडे बांधीत वेगळीच पंचाईत. आधी गुड्डी थांबली की गिरजाबाई म्हणायची, "गुड्डी गेली वं," आणि सगळ्या कंबर सरळ करायच्या. कुणी पाणी प्यायची, कुणी तंबाखूचा खर्रा तोंडात टाकायची. आता गुड्डी नाही. मालक धुऱ्यावर. पहिली उभी राहील ती कामचुकार ठरणार, म्हणून कुणीच उभी राहीना. दोन दिवसांत सगळ्या जणी कण्हत होत्या.

तिसऱ्या दिवशी गिरजाबाईच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊ, उद्या गुड्डीले आणतो. तिचा पट्टा मीच भरला होता, चूक माही हाय. तुमाले चालत नसन तर दुसऱ्या बाया पाहा."

भर रोवणीत दुसऱ्या बाया मिळतात कुठं? "आणा बाप्पा," सेवकरामभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुड्डी आपल्या जागी होती. ऊन चढलं तसा तिचा हात थांबला आणि रांग चार पावलं मागे सरकली.

"गुड्डी गेली वं."

सगळ्या सरळ झाल्या. मीही झाले. ती बघत होती तिकडे पाण्यात मी सहज पाहिलं. आभाळ होतं, थोडं हलत होतं. कमरेची कळ हळूहळू उतरली. गिरजाबाई काहीतरी बोलत होती, ते ऐकू येईनासं झालं.

पायाजवळ पाणी डचमळलं तेव्हा दचकले. गुड्डी खाली वाकून तिचा मोकळा पट्टा भरत भरत माझ्यापर्यंत आली होती.

"वहिनी," ती मान वर न करता म्हणाली, "तुमी कुठी गेल्या होत्या?"