आत्याच्या पाठीवरचे गुद्दे

रक्तात एचआयव्हीचा विषाणू सापडत नाही, असा रिपोर्ट मिळाला त्याच दिवशी मी नव्या पेठेतून पिवळं सुती कापड आणलं आणि भावाच्या मुलीच्या बारशासाठी कुंची शिवायला घेतली. शाळेचे गणवेश शिवणारी बोटं माझी, पण कुंचीवर ती फार हळू चालली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आतलीही तपासणी केली होती. त्या म्हणाल्या, गोळ्यांनी रक्त आवरलंय, पण गर्भाशयाच्या तोंडाशी अजून थोडा अंश दिसतोय. काही बायकांत असं होतं, गोळ्या सोडू नका, आणि शिवल्याधरल्यानं हा आजार कुणाला होत नाही. मला भीती वाटलीच नाही, संताप आला. जुन्या पेठेतल्या हट्टी भाडेकरूसारखा हा विषाणू. सगळं घर सोडलं, पण कोपऱ्यातली खोली सोडीना. नवरा हा आजार देऊन केव्हाच गेला. मी राहिले, आणि राहणारच होते.

वहिनीला फोनवर सगळं खरं सांगितलं. ते तिच्या आईच्या कानावर गेलं. भावाच्या गावी, वैरागला बारशाला पोचले तर दारातच कळलं, की नाव चुलत आत्या ठेवणार आणि मी नुसतं बसायचं. भाऊ खाली मान घालून पाहुण्यांना पाणी देत राहिला. वहिनीची आई गोड आवाजात म्हणाली, "आत हाय म्हणं अजून. लेकराला कशाला?"

"आत हाय ते माझ्या आत हाय," मी म्हणाले. "लेकराच्या कानात नाव जाणार, दुसरं काय न्हाय. सख्खी आत्या मी हाय."

सरळ पाळण्याशी गेले. कुंची घातली, कानात कुर्र करून नाव सांगितलं. पोरगी जांभई देऊन मोकळी झाली.

आता गुद्दे. आत्यानं नाव सांगितलं, की बायका हसत तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात, ही आमची रीत. मी वाकून थांबले. एकही हात पडेना. नवरा गेल्यापासून या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. ते असं झोंबलं की डोळे भरून आले. तरी मी सरळ झाले नाही.

"पाठ हितं हाय," मी म्हणाले. "रीत पुरी झाल्याबिगर मी उठायची न्हाय."

तिच्या आईनं धरलेला हात सोडवून बाळंतीण वहिनी उठली आणि तिनं असा गुद्दा हाणला, की कळ मस्तकात गेली. मग बाकीच्याही सरसावल्या.

पुढं कितीतरी दिवस पाठ दुखत होती. गोळ्या वेळेवर घेतल्या. पाठीला बाम मात्र लावला नाही.