रिकामा बाक

मी कुरवंड्याच्या शाळेवर मास्तर होतो, तेव्हा गावात ना डॉक्टर होता ना फोन. कोणी आजारी पडलं की लोणावळ्याला दूध घालणाऱ्या भाऊंकडे निरोप द्यायचा आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंचा सल्ला ते परत आणायचे. आमच्या धाकटीला जुलाब लागले तेव्हाही त्यांनीच आणला.

"पेज पातळ करा, मीठ टाका, चमच्यानं पाजत ऱ्हावा. लघवी थांबली तर मातुर तडक घेऊन या," भाऊ एका दमात म्हणाले. "सगळं पाठ म्हनून दावल्याबगर बाई किटली उचलू देत न्हाईत."

मुलगी बरी झाली. मी तांदूळ घेऊन आभार मानायला गेलो. बाईंनी पिशवीकडे पाहिलंही नाही.

"खेळते ना आता?" सुया उकळता उकळता त्यांनी विचारलं. मग बाहेरच्या बाकाकडे मान वळवून म्हणाल्या, "साहेब येतात ते इथली गर्दी बघून शाबासकी देतात. मला मात्र हा बाक रिकामा दिसला की बरं वाटतं."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढे लोणावळ्याला गेलो की मुद्दाम त्या दवाखान्यावरून जायचो. बाकावर कोणी नसलं की रस्त्यावरूनच हात जोडायचो आणि आत न जाता पुढे व्हायचो.