चिखलदऱ्याचा रानउंदीर आणि बारावा खडा

मागच्या वर्षी याच ब्लॉगवर मी ठासून लिहिलं होतं, की चिखलदऱ्याच्या उतारावर रानउंदरांच्या बिळांपुढे दिसणारे खडे पावसाने वाहून येतात. खाली आमच्या अकोल्याच्या साडभाऊंची, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याची, कमेंट आली: "खडे उंदीरच रचते. चूक कबूल करा." सगळ्या सासुरवाडीने ती वाचली. पोटापाण्याचं मोटार वाइंडिंग काय नि प्राणी काय, मी सगळं स्वतः शिकलोय. म्हटलं, चला, दोघं जाऊन तपासू.

तिवशाहून सकाळची एसटी धरली. अमरावतीला साडभाऊ भेटले, तिथून परतवाडा. इथे हलकंच खा, पुढे घाट आहे. शेअर जीप माणशी शंभर रुपये, पण भरल्याशिवाय हलत नाही. तासभर धरून चाला.

मुक्काम तिथले ओळखीचे शेतकरी किसनभाऊ यांच्या घरी होता. त्यांच्याच शेताच्या मुरमाड बांधावर बीळ सापडलं. ऊन उतरल्यावर बिळाचा मालकही दिसला: मातकट पाठ, पांढरं पोट, दुर्बिणीतून केस चांगले राठ. तो आत गेल्यावर मी बिळापुढचे बारा खडे व्हर्नियरने, म्हणजे जाडी मापायच्या कॅलिपरने, मापले, प्रत्येकावर मार्करने लाल ठिपका दिला आणि हातभर लांब पसरवले.

"काहून भाऊ, उंदराले कपडे शिवून राहिले का?" साडभाऊ हसले.

"तुमी बाजूले सरा, सावली पडते."

उजाडताच गेलो. रात्रभरात पाऊस नाही, वारा नाही. बिळाच्या तोंडाशी लाल ठिपक्यांचे अकरा खडे.

"आता लिवा!"

"बारावा कुठाय? तो सापडेपर्यंत नाही."

दोघांनी रांगत बांध पालथा घातला. किसनभाऊ भाकरी-ठेचा घेऊन आले, म्हणाले, "अकरा आणले त्या जीवानं, तुमाले एकाचंच पडलं!" मी मानलं नाही. परतीच्या जीपमध्ये साडभाऊ मला सोडून पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

घरी येऊन व्हर्नियरची डबी उघडली. मखमलीच्या खाचेत लाल ठिपक्याचा खडा. पसरवायचा राहून गेलेला. उंदराने त्याच्या वाट्याचे सगळे नेले होते.

लगेच फोन लावला. "सापडला."

"कुठं?"

"माझ्या डबीत."

तिकडचं हसणं बराच वेळ थांबेना.

जुना लेख मी काढलेला नाही. त्याच्या डोक्यावर दुरुस्ती लिहिली आहे, साडभाऊंच्या नावानिशी. पावसाचं ते वाक्य मी न तपासता लिहिलं होतं, हेही लिहिलं. तुम्ही गेलात तर बिळापुढचे खडे हलवू नका. एक मलाच परत नेऊन ठेवायचा आहे.