समोरच्या आंटींची किल्ली

करपलेल्या दुधाचा वास आला की मला नोएडातला आमचा नवा फ्लॅट आठवतो. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आम्ही तिथे नुकतेच आलो होतो आणि त्या रविवारी दुपारी भाड्याच्या व्हीसीआरवर बँक लुटण्याचा सिनेमा लावला होता. टोळीच्या चोख बेतावर बाबा बेहद्द खूश होते, आईचं म्हणणं, "बाकी ठीक आहे हो, पण तिजोरी काय अशी तारेनं उघडते?" मधेच, जेवायला आलेले पाहुणे निघाले. त्यांना पोचवायला आम्ही जिन्यापर्यंत गेलो, निरोपाच्या गप्पा लांबल्या आणि वाऱ्यानं दार धाडकन लागलं. क्वार्टरला साधा कडी-कोयंडा होता. आपोआप बंद होणाऱ्या कुलपाची सवय कुणाला होती? आत गॅसवर दूध, पाळण्यात धाकटी बहीण आणि टीव्हीवर तिजोरीची फोडाफोड चालू. बाबांनी आईच्या केसातला आकडा मागितला. आकडा वाकला, दाराखालून करपट वास यायला लागला, आई दारावर थापा मारायला लागली. गलका ऐकून समोरच्या पंजाबी आंटी आल्या. "एक बार मेरी चाबी लगा के देखो, बिल्डर ने सब ताले एक जैसे लगाए हैं." किल्ली फिरली. दूध पार जळलं होतं, बहीण गाढ झोपेत होती. आई तिला छातीशी धरून हसत-रडत राहिली. आपलं घर शेजारच्या किल्लीनं उघडतं, याची धास्ती वाटायला आम्हाला संध्याकाळ व्हावी लागली. आजही दरोड्याचा सिनेमा कितीही झकास असो, मला त्यात एक उणीव दिसतेच: त्या टोळीला समोरची शेजारीण नसते.