वाईट बातमीचा रकाना

नौदलातून निवृत्त झाल्यावर लातूरच्या एका कोचिंग क्लासनं मला शिस्तीवर बोलायला बोलावलं होतं. गेटवरच्या फ्लेक्सवर माझ्या फोटोमागे पाणबुडी म्हणून भलतंच मोठं जहाज छापलं होतं. संचालक कौतुकानं म्हणाले, “सर, परीक्षेपर्यंत आम्ही पोरांना घरची वाईट बातमी कळूच देत नाही. पालकांची सही घेतो. तुमच्या पाणबुडीसारखंच.”

होतं तसंच. प्रत्येक फेरीवर निघण्यापूर्वी आम्हाला एक फॉर्म भरावा लागे. त्यात एक रकाना होता: पाण्याखाली असताना घरची वाईट बातमी आली तर सांगावी का? बाविशीतल्या रुबाबात मी ‘नको’ लिहिलं.

त्या फेरीची आठवण तरीही गोड आहे. आंघोळ नाही, अंगाला डिझेलचा वास. एका बंकवर दोघं पाळीपाळीनं झोपायचो. मी उठलो की रेडिओवाला माझ्या उबेत शिरायचा. शेवटचे दहा दिवस तर सगळे फारच प्रेमानं वागले. आचारी न मागता दुसरं अंडं वाढायचा. रेडिओवाला उठताना चादर नीट करून ठेवायचा. मला वाटलं, माझं काम आवडलेलं दिसतंय.

बंदराला लागल्यावर कॅप्टननं बोलावून दहा दिवसांपूर्वीचा संदेश हातात दिला. गावाकडं भूकंप, घर पडलं, लवकर या. दुसऱ्या अंड्याचा अर्थ तेव्हा लागला. आईबद्दल मात्र त्यात एक शब्द नव्हता.

दोन दिवसांचा प्रवास करून पोचलो. औशाच्या पुढं आमच्या गावाच्या जागी दगडांचे ढीग होते, आणि बाजूच्या रानात पत्र्याचे नवे शेड. तिसऱ्या शेडपुढं आई भाकरी थापत होती. मला पाहून तिचा हात थांबला.

“जित्ता हाईस न्हवं?”

“मला काय झालंय?”

“जमीन एवढी हालली. म्हणलं, पाण्यातली बोट काय ऱ्हातीय. इतके दिस कुणी कायबी सांगंना, तू बी येईनास.” तिनं भाकरी उलटली. “तुला कळवलं न्हाई व्हय कुणी?”

“न्हाई.”

फॉर्मचं तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढच्या फेरीला ‘सांगावी’ लिहिलं.

क्लासमध्ये शाल झाली, नारळ झाला, मग मी उभा राहिलो. “आमची पाणबुडी मधेच वर काढता येत नव्हती,” मी म्हणालो. “इथून गावाला दर तासाला एसटी आहे. पोरांना सांगत जा.”

टाळ्या तुरळक पडल्या. संचालकांनी घड्याळ पाहिलं.